चिंचेची गिरणी

आत्याबाई,

काल तुमची पणती पुण्याहून आली आणि हातपाय धुवायच्या आधीच तिनं पिशवीतून एक वस्तू काढून माझ्या हातात ठेवली. बांबूची उभी फोड असावी तशी धातूची अर्धी नळी. फिरणारा दांडा ज्या बेअरिंगमध्ये बसतो त्यात तेल कसं टिकून राहतं, याचं कसलंसं मोठं शिक्षण ती घेते आहे. म्हणाली, आजी, उजेडाकडे तिरकं धरून बघ. मी चष्मा पुसला, पाहिलं, तर आतल्या गुळगुळीत अंगावर बारीक बारीक खळगे होते, धिरड्याला जाळी पडते तसे. लेझरच्या किरणानं पाडलेले, आणि तेही मुद्दाम. लोकांना वाटतं बेअरिंग आतून आरशासारखं असलं की उत्तम, ती सांगत होती, पण आजी, तसं नसतं. यावर मला असं हसू आलं की ठसका लागला आणि सून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. पोरगी हिरमुसली. तिला वाटलं, म्हातारी माझ्या शिक्षणाला हसते आहे. मग मी तिला आपल्या भाताच्या गिरणीची गोष्ट सांगायला घेतली, आणि निम्म्यात आल्यावर लक्षात आलं की पोरगी हसते आहे खरी, पण जिथं हसायला हवं तिथं नाही हसत. तिनं तुम्हाला पाहिलेलंच नाही, तिचा काय दोष. म्हणून आज सकाळी कामं उरकून तुम्हालाच लिहायला बसले आहे.

मी लोणावळ्याची. वडील रेल्वेत, राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर, घरात जर्मनची हलकी भांडी. लग्न होऊन मावळात तुमच्या घरी आले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातच मी थबकले होते. तांब्याची घंगाळी, पितळी हंडे, पराती, तपेली. सकाळचं ऊन आत आलं की डोळे दिपायचे. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला तांब्या घासायला दिलात. मी आपल्या परीनं घासला आणि फळीवर पालथा घातला. तुम्ही तो उचलून दारात नेलात, उजेडात फिरवलात आणि शांतपणे विचारलंत, "ह्यात कुणाचं त्वांड दिसतंय?" मी म्हणाले, कुणाचंच नाही. "मंग घासला कुटं तू? नुसता भिजिवला." रागावला नव्हतात तुम्ही. माझ्याशेजारी बसकण मारलीत, चिंच आणि राख पुढ्यात ओढलीत, नारळाची शेंडी हातात घेतलीत, आणि तांब्या असा घासलात की त्यात माझं नाक आधी दिसलं आणि मग मी. मला ते रागावणं वाटलंच नाही. माहेरी कुणी माझ्या कामाकडे इतकं निरखून पाहिलेलं नव्हतं.

गिरणी मामंजींची. त्यांनी हौसेनं घातलेली, घराला लागूनच पत्र्याची शेड, त्यात तेलावरचं इंजन, भिंतीलगत लांबच्या लांब शाफ्ट, त्यावरून उतरणारे पट्टे आणि भात सडणारा हलर. माझ्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात मामंजी पोटाच्या दुखण्यानं गेले. दुखणं ओळखायलासुद्धा फुरसत मिळाली नाही. दिवस झाल्यावर चुलत मामंजी आपल्या ओट्यावर येऊन बसायला लागले. माणूस वाईट नव्हता, पण इंजनावर त्यांचा जीव होता. एक दिवस गावची चार माणसं बसलेली असताना ते म्हणाले की वहिनी, इंजन म्हणजे बैल नव्हे, वैरण टाकली की चाललं असं नसतं, बायांनी त्यात पडू नये, मी घेऊन जातो आणि तुम्हाला वर्षाचा तांदूळ देतो. तुमचा मुलगा, म्हणजे आमचे हे, पिंपरीला कारखान्यात. रविवारचे यायचे. त्यांचंही मत देऊन टाकावं असंच. तुम्ही सूप हातातलं खाली ठेवलं नाहीत. "एक सुगी आमी चालवून बघतो," तुम्ही म्हणालात. "न्हाई जमलं तर तुमीच न्या." मंडळी उठून गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणालात, आता जमायलाच पायजे गं. त्या 'आमी'मध्ये तुम्ही मला कधी धरलंत ते मला कळलंसुद्धा नाही, पण त्या दिवसापासून मी गिरणीत होते.

सुगीच्या आधी इंजन चालवून पाहिलं तर शाफ्ट खडखडायला लागला. मधल्या बेअरिंगचं बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती आतली नळी, झिजलं होतं. ह्यांनी पुण्याहून गनमेटलचं नवं बुश आणलं, दोन अर्ध्या भागांचं, पितळेसारखंच दिसणारं. ते बसवायला मी लोणावळ्याहून मिस्त्रींना आणलं. ते वडिलांच्या ओळखीचे, रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले. गोलमटोल, बोलघेवडे, चहाचे भोक्ते. शाफ्टला निळा रंग लावायचे, बुश त्यावर फिरवून काढायचे, आणि जिथं निळा डाग पडला असेल तिथं तीन धारांच्या स्क्रेपरनं हलकेच खरवडायचे. पुन्हा रंग, पुन्हा खरवड. तोंडानं रेल्वेच्या गोष्टी चालू. अख्खा दिवस हेच. संध्याकाळी बुशाच्या आतल्या अंगावर तिरप्या बारीक खुणांची चटईसारखी वीण उठली होती. तुम्ही चहा घेऊन आलात, वाकून पाहिलंत आणि कप खाली ठेवायच्या आधीच म्हणालात, "मिस्त्री, नवं क्वारं पितळ तुमच्या हातात दिलं, आन तुमी मांजरानं ओरबाडल्यावानी करून ठिवलं."

मिस्त्रींचा चेहरा पडला. ते एवढंच म्हणाले की बाई, मी हेच करत म्हातारा झालो. त्यांनी बुश बसवलं, इंजन चालवून दाखवलं, शाफ्ट गुपचूप फिरायला लागला, आणि चहा तसाच टाकून ते निघाले. त्यांनी चहा टाकला यावरूनच मला कळायला हवं होतं की घाव खोल गेलाय. एस.टी.त चढता चढता मला सांगितलं, आठवड्यानं बुश उघडून रॉकेलनं स्वच्छ धुवा, पुसा, तेल घाला आणि बंद करा. मी तसंच्या तसं तुम्हाला येऊन सांगितलं. स्वच्छ हा शब्द तुमच्या कानावर पडला, आत्याबाई, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

मी ओढ्यावरून गोधड्या धुऊन परतले तेव्हा तुम्ही पडवीत उन्हाला बसला होतात. मांडीवर बुशाचे दोन्ही भाग. शेजारी मिस्त्री विसरून गेलेला पॉलिश पेपर, वाटीत चिंचेचा कोळ. कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर असं समाधान की जसं काही नातवाला न्हाऊ घातलंय. मिस्त्रीनं अर्धवट टाकलेलं काम पुरं केलं बघ, असं म्हणून तुम्ही बुश माझ्यापुढे धरलंत. सोन्यासारखं लखलखत होतं. माझं नाक त्यात दिसलं, लांबट झालेलं. मीही भारावून म्हणाले, काय सुरेख झालंय. आपण दोघींनी मिळून ते बसवलं, नट आवळले, तेल घातलं. मशीनला हळदकुंकू तुम्ही लावलंत, बुशालाही एक बोट.

दिवाळी झाली, भात झोडून झालं, आणि गिरणी उघडायचा दिवस आला. सकाळपासून दाराशी बैलगाड्या. पहिला नंबर वरच्या आळीतल्या एका शेतकऱ्याचा होता. त्याच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलेलं आणि पंगतीच्या तांदळासाठी भाताची पोती तो घेऊन आला होता. चुलत मामंजी धुतलेली टोपी घालून ओट्यावर. नारळ फुटला, इंजन सुरू झालं, हलरमधून पांढराशुभ्र तांदूळ पडायला लागला. तुम्ही ओंजळ भरून घेतलीत आणि मला दाखवलीत. तेवढ्यात जळक्या तेलाचा वास आला. मग एक बारीक शिट्टीसारखा आवाज, मधल्या बेअरिंगमधून धूर, आणि पट्टा चर्र करून खाली आला. मी धावत जाऊन इंजन बंद केलं. शाफ्ट जागच्या जागी धरून बसला होता. तुम्ही बेअरिंगवर हात ठेवलात आणि बोटं तशीच तोंडात घातलीत. बाहेरून चुलत मामंजींचा आवाज आला, मी काय म्हणलं हुतं.

लग्नघरचा माणूस पोती पुन्हा गाडीत चढवायला लागला. कामशेतच्या गिरणीत नेणार होता, त्याचं चुकतही नव्हतं. त्याच्यामागं बाकीच्या गाड्याही वळल्या असत्या, आणि एकदा वळलेली गाडी परत येत नाही हे मामंजी नेहमी सांगायचे. तुम्ही पदर खोचलात आणि त्याच्या गाडीपाशी गेलात. आवाज चढवला नाहीत, गयावया तर नाहीच केलीत.

"दादा, पोती हितंच ऱ्हाऊ द्या. उद्या सांजच्यापातुर तांदूळ न्हाई झाला, तर मी आन माजी सून उखळात कांडून दिऊ. पर दिऊ."

त्यानं तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी लोणावळ्याची, मला मुसळ धड धरता येत नव्हतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक. त्याला हसू फुटलं आणि त्यानं पोतं खाली ठेवलं. मग इतरांनीही ठेवली.

मी मिळेल त्या गाडीनं लोणावळ्याला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री माझ्याबरोबर आले खरे, पण सगळ्या वाटेत एकच धोशा: माझं काम बिघडणं शक्य नाही. आल्या आल्या त्यांनी तेलाचा डबा हुंगला आणि तेल भेसळीचं आहे म्हणाले. मग पट्टा फार ताणलाय म्हणाले. मग इंजनाच्या पायाकडे संशयानं पाहिलं. अखेरीस बेअरिंग उघडलं, वरचा अर्धा भाग हातात घेतला, आणि बोलणंच थांबलं. तो माणूस गप्प झालेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"म्या," तुम्ही म्हणालात. "का वो?"

"कशानं?"

"तुमच्या त्या कागदानं घासलं. मंग चिंच लावली."

मिस्त्री मागच्यामागं भाताच्या पोत्यावर बसले. टोपी काढून त्यांनी तोंडावर धरली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं म्हातारा रडतोय. मग टोपीमागून आवाज आला तेव्हा कळलं, हसत होते. मी तुमच्याकडे बघायलाच घाबरले. कुणी हसलेलं तुम्हाला खपायचं नाही. तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या. डोळे पुसत ते म्हणाले, बाई, ते ओरखडे मी जाणूनबुजून ठेवले होते. त्यांत तेल बसतं. शाफ्ट फिरायला लागला की तेच तेल त्याला उचलून धरतं, मग लोखंड पितळेला शिवतच नाही, तेलावर तरंगतं. तुम्ही तेलाला बसायला जागाच ठेवली नाहीत.

तुम्ही विचारलंत, "मंग हे तवाच का न्हाई सांगितलं?"

मिस्त्रींनी टोपी डोक्यावर घातली, सारखी केली. "तुम्ही मांजर म्हणालात म्हणून."

आणि तेव्हा तुम्ही हसलात, आत्याबाई. भिंतीला टेकून, पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मिस्त्री पुन्हा सुरू झाले, आणि मग मी. बाहेर गाडीवाले डोकावून बघायला लागले की या तिघांना झालंय काय, गिरणी बंद पडली आणि ही हसतायत.

हसणं थांबल्यावर तुम्ही हात पुढे केलात. ती वस्तू द्या हिकडं, म्हणालात, दर खेपंला तुमच्यासाठी लोनावळ्याला कोण पळंल. मिस्त्रींना संध्याकाळचा वायदा ठाऊक होता, ते कां कूं करत होते, पण शेवटी त्यांनी शाफ्ट साफ केला आणि स्क्रेपर तुमच्या हाती दिला. तुम्ही परात घासायच्या ताकदीनं पहिला ओरखडा काढलात. त्यांनी हात धरला. इतका खोल नाही, बाई. खोल ओरखडा म्हणजे नाला, तेल वाहून जाईल आणि धरायला काही उरणार नाही. बशी पाहिजे, विहीर नको. तुम्ही बुश डोळ्यांपाशी धरून बराच वेळ पाहत राहिलात. "म्हंजी खाचरागत," तुम्ही म्हणालात. "पानी उभं ऱ्हायलं पायजे, पर रोप बुडायला नगं." मिस्त्री जन्माचे लोणावळेकर, भाताच्या खाचरात त्यांनी कधी पाय घातला नव्हता, पण ते म्हणाले, असेल, तसंच असेल. त्यानंतर तुमचा हात बसला. तांदूळ निवडताना जसे खडे दिसायचे तसे तुम्हाला निळे डाग दिसायला लागले. मिस्त्री एक भाग करत होते, तुम्ही दुसरा, आणि मी शाफ्टला रंग लावत होते.

हे खाचराचं मी काल पणतीला सांगितलं तेव्हा मात्र ती नीट हसली. म्हणाली, आजी, आम्हीही तेच शोधतोय, खळगा किती उथळ, किती दाट, आणि कुठं. मग तिनं मला मिस्त्रींनी कधी न सांगितलेलं समजावलं. शाफ्ट वेगात असला की तेल आपोआप पाचरीसारखं त्याच्याखाली शिरतं आणि त्याला तोलतं. पण सुरू होताना आणि थांबताना ती पाचर नसते, घासाघासी तेव्हाच होते, आणि तेव्हा खळग्यांतलं साठलेलं तेल कामाला येतं. आणि जिथं सगळा भार पडतो तिथंच भलते खळगे पाडले तर पाचरच मोडते आणि फायद्याऐवजी तोटा होतो. कुठं खरवडू नये हेही शिकावं लागतं, असं ती म्हणाली. मला तुमची फार आठवण झाली. तुम्ही तिला समोर बसवून सगळं दोनदोनदा विचारलं असतंत.

उन्हं कलली तेव्हा बुश बसलं. इंजन सुरू झालं. हलर भरला, तांदूळ पडायला लागला, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. आपण तिघं बेअरिंगवर तळवे ठेवून उभे होतो, जसा काही कुणाचा ताप बघतोय. कोमट झालं आणि तिथंच थांबलं. चुलत मामंजी कधी आत आले कळलं नाही. त्यांनीही हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाले, "गारच हाय की." इंजन घेऊन जायची गोष्ट त्यांनी नंतर कधी काढली नाही. दिवस मावळायच्या आत लग्नघरचा तांदूळ पोत्यांत भरला गेला, आणि पंगतीत त्या माणसानं आग्रह करकरून वाढताना सगळ्या वऱ्हाडाला सांगितलं की हा तांदूळ चिंचेच्या गिरणीतला. गिरणीला तेच नाव पडलं. दूरदूरची माणसं चिंचेची गिरणी कुटं म्हणून विचारत यायची आणि दारात चिंचेचं झाड न दिसल्यामुळं पुढं निघून जायची. मग मला हाका मारून परत बोलवावं लागायचं.

पुढं दर सुगीआधी तुम्ही बुश उघडायचात आणि पडवीत खरवडत बसायचात. मिस्त्री नुसते चहाला आणि खोड्या काढायला यायचे. मुलाकडे कायमचं राहायला गेले तेव्हा त्यांनी आपला स्क्रेपर तुम्हाला दिला, नवी मूठ बसवून, आणि म्हणाले, मांजराची नखं सांभाळा. चुलत मामंजींच्या पंपाचं बुश गेलं तेव्हा ते रुमालात बांधून तुमच्याकडेच घेऊन आले. तुम्ही त्यांना चहा दिलात, विड्याचं तबक पुढं केलंत, भावकीतल्या सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारलीत, आणि रुमालाकडे पाहिलंसुद्धा नाहीत. बिचारे तिन्हीसांजेपर्यंत बसून होते. मग तुम्ही आपण होऊन रुमाल सोडलात. पवनेचं धरण झालं, वीज आली, मोटर आली, तिला बंद डबीतली गोळ्यांची बेअरिंगं. तुम्ही ती हातात फिरवून बघितलीत आणि म्हणालात, "ह्यात आपल्यासाटी कायच ठिवलं न्हाई." महिनाभर तुम्ही गिरणीत फिरकला नाहीत. मग तांदळात कणी जास्त पडतेय असं निमित्त काढून परत आलात.

आता ती शेड नाही. पवनानगरला तंबूत राहायला जाणारी पोरं त्या जागी थांबून चहा पितात. मी कधी त्या वाटेनं गेले तर मीही पिते. चहा बरा असतो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तुमच्या माहेरची सगळी पत्रं मीच वाचून दाखवायची, तेव्हा हेही मीच एकदा मोठ्यानं वाचीन आणि कपाटात कपड्यांखाली ठेवून देईन. मात्र एक सांगायचं राहिलंय. आपल्याकडं सासूला आत्याबाई म्हणायची रीत, मी जन्मभर तेच म्हटलं. पण गिरणी भरात चालू असली की आवाजात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, आणि तेव्हा तुमच्या पाठीमागं उभी राहून मी तुम्हाला आई म्हणायची. कामासाठी नाही, नुसतंच. एकदा तुम्ही एकदम वळलात आणि ओरडून विचारलंत, काय गं, पट्टा सुटला का. मी मानेनंच नाही म्हणाले.